विद्यार्थ्याचें गुपित

दरवर्षीं आषाढाच्या सुमारास पुण्यांतील वसतिगृहांच्या दारांत जें दृश्य दिसतें, तें आम्ही अनेक वर्षें पाहत आलों आहों. एका हातांत पत्र्याची पेटी (अलीकडे तिला चाकें आलीं आहेत) आणि दुसऱ्या हातांत लाडवांचा डबा घेऊन बाप पुढें असतो. त्याच्या मागें आई, आणि त्या दोघांपासून चार पावलें दूर, आपण यांच्यापैकीं नाहींच असें दाखविणारा मुलगा. पैसे भरून होतात, खोली पाहून होते, गादी दोनदां झटकली जाते. निघतांना बाप व्यवस्थापकांपाशीं येतो आणि हात जोडून तीन शब्द बोलतो : 'लक्ष असूं द्या.' या तीन शब्दांना कोणी 'नाहीं' म्हटल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आम्हींही कधीं म्हटलें नाहीं. परंतु ते बोलतांना बापानें नेमकें काय दिलें आणि मान डोलावतांना समोरच्यानें नेमकें काय घेतलें, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाहीं. तो हिशेब आज करून पाहावा असें मनांत आहे.

बापाच्या मनांत 'लक्ष' या शब्दाचा अर्थ फारसा गूढ नसतो. मुलगा वेळेवर जेवतो कीं नाहीं, रात्रीं कितीला परततो, संगत कोणाची धरतो, गुण किती मिळवितो, एवढेंच त्यास अभिप्रेत असतें. मुलाच्या मनाकडे पाहा असें तो म्हणत नाहीं. मुलास मन आहे आणि शरीराप्रमाणें तेंही आजारी पडूं शकतें, हें आपल्या घरांतून बोललेंच जात नाहीं. ताप आला तर घरीं कळवावें, हें सर्वांस ठाऊक असतें. उमेद गेली तर कोणास कळवावें, हें कोणासच ठाऊक नसतें.

या अज्ञानाची किंमत लहान नाहीं. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदींप्रमाणें 2022 या एका वर्षांत आपल्या देशांत 13,044 विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली, आणि राज्यवार पाहतां त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. त्याच वर्षीं ज्यांच्या नांवापुढें परीक्षेंतील अपयश हें कारण लिहिलें गेलें, असे लोक दोन हजारांवर होते. म्हणजे परीक्षा हेंच विद्यार्थ्याचें एकमेव दुःख, ही आपली लाडकी समजूत या आंकड्यांपुढें टिकत नाहीं. शिवाय पोलिसांच्या वहींतील एका रकान्यांत माणसाच्या दुःखाचें कारण मावतें, असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें 2025 च्या मार्चमध्यें निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखालीं उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा विचार करण्यासाठीं एक राष्ट्रीय कृतिदल नेमलें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत एका निराळ्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें शिक्षणसंस्थांस कांहीं बंधनें घालून दिलीं. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेंत निदान एक तरी जाणता समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असावा, हें त्यांतील एक होय. हें फार चांगलें झालें. तथापि समुपदेशकाच्या दारावर पाटी लागली म्हणजे एक जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो. मुलगा त्या दारांतून आंत गेला आणि जें कोणास सांगितलें नव्हतें तें त्यानें तेथें सांगितलें. तें आतां कोणाचें झालें? बाप दारांत येऊन विचारूं लागला, तर त्यास काय सांगावें?

या प्रश्नाशीं आमचा परिचय पुस्तकांतून झालेला नाहीं. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही एका वसतिगृहाचे मानद पर्यवेक्षक होतों. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. चूक घडली ती आमच्या हातून. सोलापूरकडच्या एका खेड्यांतला एक मुलगा विज्ञानशाखेच्या दुसऱ्या वर्षांत होता. दिवाळीची सुटी संपवून तो परतला तो निराळाच होऊन. सकाळीं उठेना, कॉलेजांत जाईना, भर दुपारीं दार लावून पडून राही. हें आम्हांस कळलें तें आमच्या 'लक्षा'मुळें मुळींच नव्हे. भोजनगृहांत वाढणाऱ्या मावशी एके दिवशीं म्हणाल्या, 'सर, त्या पोराला आठवडाभर बघतेय. ताट वाढून घेतो, चार घास चिवडतो आन् तसंच ठेवून जातो.' आम्हीं त्यास बोलावून घेतलें. बराच वेळ तो स्वतःच्या पायांकडे पाहत उभा राहिला. शेवटीं एवढेंच म्हणाला, 'सर, घरीं कळवूं नका. दादांनीं जमीन गहाण टाकलीय.' आणि आम्हीं, त्यानें आमच्यासमोर रडूं नये एवढ्याचसाठीं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलें, 'नाहीं कळवणार.'

चौथ्या रात्रीं तो बारापर्यंत परतला नाहीं. आला तेव्हां विचारलें, तर स्वारगेटच्या स्थानकावर, जेथून त्याच्या गांवाकडच्या गाड्या सुटतात तेथें, नुसता बसून आला होता. आमची झोंप उडाली. सकाळीं उठून आम्हीं त्याच्या वडिलांस पत्र टाकलें : 'चिरंजीव अभ्यासांत मागें पडले असून प्रकृतीही ठीक दिसत नाहीं. एकदां येऊन जावें.' वडील रात्रीच्या एस. टी. नें आले. मुलावर ते रागावले नाहींत, ओरडले नाहींत. त्याच्या खाटेच्या कडेवर बसले, वळकटीला दोरी बांधली आणि म्हणाले, 'चल बाळा.' आम्हांस म्हणाले, 'सर, तुमचे उपकार झाले.' मुलानें मात्र जिना उतरतांना एकदां आमच्याकडे वळून पाहिलें. त्या पाहण्यांत राग असता तर आम्ही तो केव्हांच विसरून गेलों असतों.

मग मावशी बोलल्या. मुलगा त्यांच्यापाशीं थोडें थोडें बोलत असे. त्याच्या गांवच्या बोलीला वर्गांत हसत. इंग्रजींतून शिकविलेलें त्यास उमगत नसे. तें न उमगल्याचें सांगितलें तेव्हां प्रयोगशाळेंत सर्वांदेखत त्याची वही परत फेंकण्यांत आली होती. 'मावशी, मी इथं मुका झालोय,' असें तो त्यांस म्हणाला होता. यांतलें एक अक्षरही आमच्या पत्रांत नव्हतें. सहासात वर्षांनीं त्याच तालुक्यांतला दुसरा एक विद्यार्थी भेटला. त्याच्याकडून कळलें कीं, त्या मुलाचें तालुक्याच्या गांवीं मोटार रिवाइंडिंगचें दुकान आहे, बरें चाललें आहे, धाकट्या भावाला त्यानें शिकविलें. पुण्याचें नांव मात्र काढीत नाहीं.

मुलगा जिवंत आहे, सुखांत आहे. मग चूक कसली, असें वाचक विचारतील. आम्हीही कित्येक वर्षें स्वतःची हीच समजूत घालीत होतों. वचन मोडलें ही चूक, असें प्रथम वाटे. पण ज्या मुलाच्या जिवाची भीति वाटते त्याच्या बाबतींत मौनाचें वचन पाळीत बसणें हा धर्म होऊं शकत नाहीं. तें वचन आज पुन्हा दिलें असतें तर आज पुन्हा मोडलें असतें. मग हळूहळू ध्यानांत आलें कीं, चुका एकामागून एक तीन झाल्या होत्या, आणि वचनभंग हा त्यांत नव्हता. ऐकून घेण्यापूर्वींच आम्हीं वचन दिलें, ही पहिली. तें मोडतांना ज्याला दिलें त्यास एका शब्दानें विचारलें नाहीं, त्याच्या पाठीमागें टपालपेटी गांठली, ही दुसरी. आणि तिसरी सर्वांत मोठी : आम्हीं बापास कळविलें तें मुलाचें गुपित नव्हतेंच. त्याच्या गुपिताच्या जागीं आमची कल्पना आम्हीं पाकिटांत घातली. बाप समजला, पोरगा अभ्यासांत कच्चा निघाला. मुलगा समजला, बोलून दाखविलें कीं माणूस दगा देतो. दोघांनींही तीच समजूत आयुष्यभर जपली असेल.

बापाचा पक्ष आम्ही हलका मानीत नाहीं. ज्यानें जमीन गहाण टाकली, ज्यानें हें पोर अंगाखांद्यावर वाढविलें, त्यालाच सर्वांच्या शेवटीं कळावें, हें कोणत्याही न्यायांत बसत नाहीं. ज्या घरांवर असा घाला पडला त्या घरांतले आईबाप जो एकच प्रश्न विचारीत राहतात, तो हाच : आम्हांस कां नाहीं सांगितलें? या प्रश्नापुढें नियमांची पुस्तिका उघडून दाखविणें हें निर्दयपणाचें आहे. आणि आपल्याकडे अठरा वर्षांचा मुलगा कायद्यानें सज्ञान झाला तरी त्याची फी, त्याचें लग्न, त्याचें नांव हें सारें घराचेंच असतें. तो एकटा सज्ञान होत नाहीं.

परंतु दुसऱ्या पारड्यांतही वजन आहे. येथें बोललेलें सारें घरीं पोंचतें असें एकदां मुलांत पसरलें, कीं त्या दाराकडे कोणी फिरकत नाहीं; मग समुपदेशकापाशीं लपविण्यासारखें कांहीं उरत नाहीं, तसेंच सांगण्यासारखेंही उरत नाहीं. कांहींचें तर दुःख घरांतच जन्मलेलें असतें. ज्या मुलीला शिक्षण सोडवून बोहल्यावर चढविण्याची घाई चालली आहे, तिची व्यथा तिच्या घरीं कळविणें म्हणजे काय, याचा विचार कन्यापित्यांनींच करावा.

कायद्यानें या दोन्ही पारड्यांकडे पाहिलें आहे. 2017 सालचा मानसिक आरोग्य काळजी कायदा 2018 च्या मे महिन्यांत अमलांत आला. त्यानें उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राखण्याचा हक्क मानला. पण जिवास धोका असेल तर तो टाळण्यापुरती, आणि तेवढीच, माहिती उघड करण्याची मोकळीक ठेविली. त्याहून महत्त्वाची गोष्ट, सज्ञान माणसानें आपला प्रतिनिधी स्वतः नेमावा, अशी सोय त्यांत आहे. तो बापच असला पाहिजे असें नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें 2018 मध्यें असें ठरविलें कीं, विद्यार्थ्यानें जीव देण्याचा प्रयत्न केल्याचें किंवा तसा बेत बोलून दाखविल्याचें विद्यापीठास प्रत्यक्ष ठाऊक असेल, तर त्याच्या रक्षणासाठीं योग्य तें पाऊल उचलणें हें विद्यापीठाचें कर्तव्य ठरतें. नुसत्या अंदाजावरून तें येत नाहीं. या साऱ्या तरतुदी डॉक्टरांसाठीं आणि संस्थांसाठीं आहेत. आमच्यासारख्या हौशी पर्यवेक्षकास कायदा फारसें कांहीं विचारीत नाहीं. त्याला विचारणारी ती जिन्यावरची नजर असते.

त्या रात्रीं बारा वाजतां काय करावें हें आम्हांस सुचलें नव्हतें. आज निदान तेवढी सोय झाली आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारनें 'टेली-मानस' नांवाची सेवा चालविली आहे. 14416 या क्रमांकावर अहोरात्र माणूस भेटतो, आणि मराठींत बोलतो. पर्यवेक्षकानेंही तेथें विचारावें; सल्ला घेण्यास स्वतः आजारी असलें पाहिजे असें नाहीं.

आमच्या त्या मुलाच्या गोष्टींत आणखी एक कांटा आहे. तो आजारी होता, कीं त्याला जखम झाली होती? ज्याच्या बोलण्याला रोज हसतात तो बोलेनासा झाला, तर दोष त्याच्या मनाचा कीं हसणाऱ्यांचा? वर ज्या कृतिदलाचा उल्लेख केला तें नेमलें गेलें, तें दिल्लींतील एका नामांकित तंत्रसंस्थेंत 2023 मध्यें मरण पावलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या आईबापांच्या अर्जावरून. आणि आपल्या मुलांना जातीवरून वागविलें गेलें अशी त्यांची तक्रार होती. समुपदेशकाची खोली अशा वेळीं फार सोयीची ठरते. वर्गांत अपमान करावा, आणि अपमान सोसवत नाहीं म्हणणाऱ्यास मन खंबीर करण्यासाठीं त्या खोलींत धाडावें! मुलाचें गुपित घरीं कळवावें कीं नाहीं यावर आम्ही वाद घालतों. पण तें गुपित प्रयोगशाळेंतल्या त्या गृहस्थांस कळविण्याचें त्या वेळीं आमच्या मनांतसुद्धां आलें नाहीं. खरें पत्र तिकडे जावयास हवें होतें.

'आमच्या वेळीं असले लाड नव्हते' असें म्हणणारे वडीलधारे प्रत्येक घरांत असतात. त्यांच्या वेळीं काय होतें तें पाहूं. पुण्यास शिकावयास येणारा गरीब मुलगा वार लावून जेवीत असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या. त्यांत मिंधेपणा होता, आणि वार मिळत ते बहुधा ब्राह्मणाच्याच मुलास. इतरांसाठीं शाहू महाराजांस 1901 पासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभारावीं लागलीं. भाऊराव पाटलांनीं 1924 सालीं साताऱ्यास सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसविलीं, आणि त्या पंगतीसाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. तेव्हां त्या वारांचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाहीं. पण त्यांत एक गोष्ट होती. आठवड्यांतून सात घरच्या सात गृहिणी त्या मुलाचें तोंड पाहत. आज भाकरी कां टाकलीस, डोळे कां ओढलेत, घरून पत्र आलें नाहीं काय, असें सातांपैकीं एखादी तरी विचारी. तीं विचारपूस करणारीं माणसें बापानें नेमलेलीं नव्हतीं कीं कॉलेजानें. आज मुलगा भोजनगृहाच्या दारावरील यंत्रास अंगठा लावतो, आणि त्याची हजेरी लागते. ताट तसेंच राहिलें हें यंत्रास दिसत नाहीं. तें मावशींस दिसलें. त्यांचा पगार त्या काळीं आमच्या कचेरींतल्या शिपायाहूनही कमी होता, हेंही येथें सांगून टाकतों.

आणि जमीन गहाण टाकल्याचें मुलानें सांगितलें तें कां? एक वर्ष गेलें तर सारें गेलें, असें त्यास वाटत होतें म्हणून. ही समजूत त्याला कोणी दिली? लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील आपलें पहिलें वर्ष तालमींत घालविलें आणि अभ्यासाकडे पाठ फिरविली, ही गोष्ट आपण मुलांस मोठ्या कौतुकानें सांगतों. त्याच घरांत मुलाचें वर्ष गेलें तर शेजाऱ्यांस काय सांगावें याची चिंता पडते. मुलगा गुपित ठेवतो तें बहुतेक वेळां याच चिंतेवर पांघरूण घालण्यासाठीं. म्हणून बापास कळवावें कीं नाहीं, हा प्रश्न विचारण्यापूर्वीं, कळल्यावर बाप काय करील असें मुलास वाटतें, हा प्रश्न विचारावा असें आम्ही सुचवूं. त्याचें उत्तर दिवाळीच्या फराळाच्या वेळीं, शेजारच्या नापास मुलाविषयीं आपण जें बोलतों, त्यांतच मुलास मिळून गेलेलें असतें.

इंग्लंडांतील ब्रिस्टल विद्यापीठानें 2018 पासून एक साधी रीत घातली. प्रवेश घेतांनाच विद्यार्थ्यास विचारावयाचें : तुझ्याविषयीं गंभीर काळजी वाटली तर आम्हीं कोणास कळवावें, आणि कळवावें काय? आई, बाप, मित्र, कोणीही चालेल. 'नको' म्हटलें तरी चालेल. शेंकडा नव्वदांहून अधिक विद्यार्थ्यांनीं 'कळवा' असें लिहून दिलें. याचा अर्थ असा कीं, निरोगी मनानें, आधींच आणि विश्वासानें विचारलें तर मुलें घराला तोडूं पाहत नाहींत. अंधारांत, त्यांच्या पाठीमागें केलेलें त्यांना नको असतें. वर्ष कशामुळें बुडतें आणि मनुष्य कशामुळें बुडतो यांतला भेद करण्याइतकी अक्कल त्यांस असते.

ज्या वसतिगृहाशीं आमचा अलीकडे थोडाफार संबंध आहे तेथें ही रीत आम्हीं तीन वर्षांपूर्वीं सुरू केली. अर्जाच्या शेवटीं एक ओळ मोकळी ठेवली आहे. ती भरतांना आईबापांनीं बाहेरच्या बाकावर बसावें, एवढाच नियम. पहिल्या वर्षीं एका बापानें त्यावरून आमच्याशीं कडाक्याचें भांडण केलें. आम्हीं त्यास चहा दिला आणि भांडूं दिलें. त्याच्याच मुलानें आंत त्याचेंच नांव लिहिलें होतें. तें आम्हीं त्यास सांगितलें नाहीं.

बहुतेक मुलें आईचें नांव लिहितात. एका मुलीनें थोरल्या बहिणीचें लिहिलें आणि पुढें 'दाजींना नको' असें जोडलें. यंदा एका मुलानें लिहिलें आहे : 'आजी. पण तिला कमी ऐकू येतं, म्हणून मामाच्या दुकानावर फोन करावा आणि मामाला सांगावं, आजीला फोन दे.' एकानें ओळ कोरी ठेवली. तो आठ दिवसांनीं संध्याकाळीं आला, अर्ज मागून घेतला, आणि उभ्याउभ्याच भोजनगृहांतल्या काकूंचें नांव लिहून गेला.